तीन मेंटेनर, एक मोडीवाचक आणि कोड रिव्ह्यूची पद्धत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातील तीन तरुण मेंटेनर मोडीतील मजकुराचे देवनागरीत लिप्यंतर करणारे एक मुक्तस्रोत साधन गेली काही वर्षे सांभाळत आहेत. त्याचा रेपो, म्हणजे कोडचे भांडार, गिटहब या संकेतस्थळावर आहे. येथील विद्यापीठातले आणि बाहेरगावचे मिळून वीसेक जण अधूनमधून बदल पाठवतात. सध्या ३१ पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंत्या, पडून असून त्यांतली सर्वांत जुनी सात महिन्यांपूर्वीची आहे. रिव्ह्यूची, म्हणजे आलेले बदल तपासण्याची, पद्धत बदलावी यावर तिघांचे एकमत आहे, पण कोणती स्वीकारावी यावर नाही. एकाला गेरिट हे रिव्ह्यूचे साधन बसवायचे आहे, दुसऱ्याला लिनक्स कर्नेलप्रमाणे (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याप्रमाणे) ई-मेलने पॅच, म्हणजे बदलांचे तुकडे, मागवायचे आहेत, आणि तिसऱ्याच्या मते आहे तीच पुल रिक्वेस्टची पद्धत ठेवून प्रत्येक बदलाला दोन मंजुऱ्या सक्तीच्या कराव्यात. शिवाय मोडीचे खरे जाणकार म्हणजे रावपुऱ्यात राहणारे एक निवृत्त काका, आणि त्यांना गिट, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन, येत नाही.

माझे उत्तर आधीच सांगतो. पुल रिक्वेस्टची पद्धत बदलू नका. दोन मंजुऱ्यांची सरसकट सक्तीही करू नका. बदल कोणत्या प्रकारचा आहे हे पाहून तो कोणी तपासायचा ते ठरवा, आणि काकांना रिव्ह्यूमध्ये रीतसर स्थान द्या. प्रश्नाच्या अखेरीस त्यांचा उल्लेख जाता जाता आला आहे, पण तुमच्या प्रकल्पाचा निम्मा प्रश्न मला तेथेच दिसतो.

पद्धत निवडताना बहुतेक जण साधनांची तुलना करत बसतात. मी आधी तपासणाऱ्यांचे तास मोजतो. तुम्ही तिघे नोकरी आणि घर सांभाळून प्रत्येकी आठवड्याला तीन तास देऊ शकता असे धरले, तर हातात नऊ तास येतात. मध्यम आकाराची एक पुल रिक्वेस्ट वाचणे, चालवून पाहणे, शेरे लिहिणे आणि दुरुस्ती आल्यावर पुन्हा पाहणे यांत पाऊण तास सहज जातो, म्हणजे आठवड्याला साधारण बारा बदल तपासून होतील. दोन मंजुऱ्या सक्तीच्या केल्या की त्याच नऊ तासांत सहाच होतील. तुमचा साठा ज्या वेगाने वाढला आहे तो पाहता हा हिशेब तुम्हाला परवडणारा नाही. बदल पाठवणारे तुमच्याकडे वीस आहेत आणि तपासणारे तीन. म्हणून जी पद्धत तपासणाऱ्याचा वेळ वाचवील तीच तुमच्या उपयोगाची.

ई-मेलच्या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. गिट हे साधनच २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नेलच्या कामासाठी लिहिले, आणि पॅच ई-मेलने पाठवून त्यावर ओळीओळीने चर्चा करण्याची कर्नेलमधली रीत त्याआधीपासूनची आहे. या रीतीत प्रत्येक कमिट (संदेशासह नोंदवलेला एक बदल) स्वतंत्रपणे वाचला जातो, त्याच्या संदेशात बदलामागचे कारण लिहावेच लागते, आणि सारी चर्चा कोणत्याही एका कंपनीच्या संकेतस्थळावर अवलंबून न राहता टिकते. परंतु कर्नेलमध्ये ती चालते ती तिच्यामागे उभ्या असलेल्या रचनेमुळे. कोणता भाग कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद असलेली मेंटेनर्स नावाची फाइल तेथे आहे, उपविभागांचे मेंटेनर आहेत, त्यांच्याकडून वर जाणारी उतरंड आहे. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेसचा प्रकल्पही ई-मेलवरच चालतो, पण पडून राहिलेले पॅच हरवू नयेत म्हणून त्यांना कमिटफेस्ट नावाची वेगळी व्यवस्था उभारावी लागली. तुमची आजची अडचणही पडून राहिलेल्या बदलांचीच आहे, आणि नुसता ई-मेल ती वाढवील. त्यात पहिलाच बदल पाठवणाऱ्या विद्यार्थ्याला गिटमधून ई-मेल पाठवण्याची सारी जुळणी करायला लावणे म्हणजे त्याची उमेद दारातच खर्च करणे आहे.

गेरिटचा आग्रह धरणाऱ्या मित्राचा मुद्दा मला नेमका ठाऊक आहे, कारण मीही तो अनेकदा मांडला आहे. गेरिटमध्ये तपासणीचे एकक एकच कमिट असते. त्याच्या प्रत्येक सुधारित रूपाला पॅचसेट म्हणतात, आणि तिसऱ्या पॅचसेटपासून चौथ्यापर्यंत नेमके काय बदलले ते तपासणाऱ्याला स्वच्छ दिसते. उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत मत देता येत असल्याने ‘मला ठीक वाटते, पण शेवटचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा’ असेही नोंदवता येते. गिटहबवर लेखकाने आपल्या ब्रांचचा (कामाच्या वेगळ्या शाखेचा) इतिहास बदलून फोर्स-पुश केला, म्हणजे जुन्यावर नवा लादला, की आपण आधी काय वाचले होते आणि आता काय नवे आहे हे शोधण्यात वेळ जातो. ही उणीव खरी आहे. अँड्रॉइड, क्रोमियम आणि ओपनस्टॅक हे प्रकल्प गेरिट वापरतात. गो भाषेचा प्रकल्पही वापरतो, पण नवख्यांना दार बंद होऊ नये म्हणून तो गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टही स्वीकारतो आणि एक रोबो त्या गेरिटमध्ये नेतो. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रकल्पालाही दारात पुल रिक्वेस्ट ठेवावी लागली.

गेरिटच्या विरोधात माझे कारण त्याच्या गुणांशी संबंधित नाही. ते स्वतः चालवायचे तर सर्व्हर, अद्ययावत आवृत्त्या, बॅकअप आणि खात्यांची व्यवस्था कोणाला तरी पाहावी लागते. नवरात्राच्या नऊ रात्री बडोद्यात घरोघरची मंडळी गरब्याला जातात, परीक्षांच्या महिन्यात विद्यार्थी नसतात, आणि सर्व्हर नेमका तेव्हाच बंद पडला तर तुमच्या नऊ तासांपैकी काही त्यालाच द्यावे लागतील. साधनाचे आयुष्यही विचारात घ्यावे. फॅब्रिकेटर हे रिव्ह्यूचे उत्तम साधन मानले जाई, पण २०२१ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी ते सांभाळणे थांबवले, आणि एलएलव्हीएमसारख्या प्रकल्पाने २०२३ मध्ये तेथून गिटहबच्या पुल रिक्वेस्टकडे स्थलांतर केले. एलएलव्हीएमकडे असे स्थलांतर पार पाडण्याइतकी माणसे होती. फोर्स-पुशची उणीव तुम्ही एका साध्या संकेताने बरीच भरून काढू शकता: रिव्ह्यू सुरू झाल्यानंतर लेखकाने इतिहास बदलू नये, दुरुस्त्या नव्या कमिटमध्ये जोडाव्यात, आणि मर्ज करताना, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळताना, मेंटेनरने स्क्वॅश करून एकच नीटनेटका कमिट करावा. जो जुना सहकारी मुळातच विचारपूर्वक कमिटांची मालिका रचून पाठवतो, त्याची मालिका मात्र तशीच ठेवा. पुढे बायसेक्ट करून, म्हणजे इतिहास अर्ध्या-अर्ध्याने तपासत, दोष शोधताना तिचा उपयोग होतो.

दोन मंजुऱ्यांच्या सक्तीबद्दल मी अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी मी एका लहान प्रकल्पाचा मेंटेनर असताना आम्ही तो नियम केला होता. एकदा तारखांची मांडणी बदलणारा एक बदल आला. माझ्या आधी सहकाऱ्याने मंजुरी दिलेली दिसली, म्हणून मी तो वरवर चाळून मंजूर केला. नंतर कळले की सहकाऱ्यानेही, मी पुढे बारकाईने पाहणारच आहे या भरवशावर, तो अर्धाच वाचला होता. वापरणाऱ्यांच्या जुन्या नोंदींतील दिवस आणि महिने उलटसुलट झाले आणि त्या दुरुस्त करण्यात आमचे तीन आठवडे गेले. दोन सह्या होत्या, पण संपूर्ण वाचन एकाचेही नव्हते. त्या दिवसापासून मी मंजुरी देताना काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे एका वाक्यात लिहितो: ‘तर्क वाचला, टेस्ट चालवल्या, तक्ता तपासलेला नाही.’ हे वाक्य तुम्ही तिघांनीही सक्तीचे करा. दुसऱ्या मंजुरीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. ओपनस्टॅकमध्ये दोन मुख्य तपासनिसांची संमती घेण्याची रीत आहे हे खरे, पण तेथे तपासनीस पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी एकाने स्वतःच बदल लिहिला की दोघेच उरतात, आणि त्यांतला एक गावाला गेला की काम थांबते.

आता प्रकारांकडे येतो. माहितीपत्रके, उदाहरणे, चुकीचे शुद्धलेखन अशा बदलांना मेंटेनरने आधी मर्ज करून मग इतरांनी पाहिले तरी चालते. अपाचे प्रतिष्ठानच्या प्रकल्पांत या रीतीला मान्यता आहे, आणि ठरावीक मुदतीत, बहुधा ७२ तासांत, कोणी हरकत घेतली नाही तर संमती धरावी अशीही प्रथा आहे. यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष प्रोग्रामच्या बदलाला लेखकाव्यतिरिक्त एका मेंटेनरची मंजुरी पुरे, मात्र तपासणाऱ्याला काय शोधायचे ते माहीत हवे. तुमच्या बाबतीत एक सापळा ठरलेला आहे. मोडी लिपी युनिकोड या अक्षर-संकेतांकांच्या जागतिक प्रमाणात २०१४ साली ७.० आवृत्तीत आली आणि तिची अक्षरे मूळ ६५,५३६ संकेतांकांच्या पट्ट्याबाहेर आहेत. त्यामुळे यूटीएफ-१६ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक मोडी अक्षराला दोन एकके लागतात, तर देवनागरीच्या अक्षराला एकच. जावास्क्रिप्टमध्ये एका मोडी अक्षराची लांबी दोन भरते. देवनागरीवर चाचणी घेऊन लिहिलेला, मजकुराचे तुकडे करणारा कोड मोडीवर चालवला की अक्षर मधोमध तुटू शकते. अशा चारपाच गोष्टींची अर्ध्या पानाची यादी रेपोत ठेवा आणि त्यांपैकी ज्या टेस्टमध्ये बसतात त्या टेस्टमध्येच घाला. जागा सोडण्याची शिस्त, नावांची ठेवण असल्या गोष्टी तर माणसाने तपासूच नयेत, त्या फॉरमॅटर आणि लिंटर या आपोआप तपासणाऱ्या साधनांकडे सोपवाव्यात. विद्यार्थ्याच्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर अर्धविरामांचे वीस शेरे पडले की तो दुसरी पाठवत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटते.

लिप्यंतराचे नियम आणि तक्ते हा तुमच्या प्रकल्पाचा गाभा आहे, आणि सध्या तोच सर्वांत कमी तपासला जात असावा. मोडीच्या प्रत्यक्ष लेखनात ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, शब्द सलग लिहिले जातात, आणि ‘राजमान्य राजश्री’ऐवजी ‘रा. रा.’ असे संक्षेप जागोजाग येतात. समजा एखाद्या विद्यार्थ्याने शाळेत शिकलेला नियम घातला की अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ करावा. कोड स्वच्छ आहे, टेस्टमध्ये ‘फूल’, ‘वकील’, ‘गरीब’ हे शब्द आहेत आणि सर्व टेस्ट उत्तीर्ण होतात. प्रोग्रामिंग जाणणारा तपासनीस हा बदल आनंदाने मंजूर करील. पण तत्सम शब्द या नियमाला अपवाद आहेत, आणि आता ‘गुण’चा ‘गूण’ होईल, ‘विष’चे ‘वीष’ होईल, ‘मंदिर’चे ‘मंदीर’ होईल. ही चूक गिट येणाऱ्याला दिसेलच असे नाही, पण काकांना पहिल्या ओळीत दिसेल. म्हणून नियमांच्या आणि तक्त्यांच्या बदलाला दोन मंजुऱ्या जरूर ठेवा, पण त्या दोन वेगळ्या जाणकारीच्या असू द्या: एक कोड कळणाऱ्याची आणि एक मोडी कळणाऱ्याची.

काकांना गिट शिकवण्याचा खटाटोप करू नये. तक्ता बदलणारी पुल रिक्वेस्ट आली की टेस्टबरोबर एक पान आपोआप तयार होईल असे करा. त्यात शंभरेक निवडक ओळी असाव्यात: मूळ कागदाचे चित्र, जुना निकाल, नवा निकाल, आणि जेथे फरक पडला ती ओळ रंगवलेली. गायकवाडी दफ्तरातील मोडी कागदांची जी छायाचित्रे तुमच्याकडे खुल्या वापरासाठी उपलब्ध असतील, त्यांतूनच हा नमुना निवडा, म्हणजे चाचणीचा मजकूर आपल्याच भागातील हस्ताक्षराचा राहील. पानाचा दुवा काकांना फोनवर पाठवावा, किंवा त्यांना डोळ्यांचा त्रास असेल तर छापून नेऊन द्यावा. ते जे सांगतील ते मेंटेनरने पुल रिक्वेस्टवर त्यांच्याच शब्दांत उतरवावे आणि मर्जच्या कमिटमध्ये कर्नेलमधील, कोणी तपासले ते सांगणाऱ्या, रिव्ह्यूड-बाय ओळीसारखी त्यांच्या नावाची ओळ घालावी. मात्र कर्नेलचा संकेत येथेही पाळावा: ज्याच्या नावाने ओळ घालायची त्याची स्पष्ट संमती हवी. ज्यांच्या वाचनावर हे साधन उभे आहे त्यांचे नाव इतिहासात कोठेच नसणे मला अन्यायाचे वाटते. गिटहबच्या कोडओनर्स फाइलमध्ये (कोणता भाग कोणी तपासायचा त्या यादीत) काकांना घालता येणार नाही, कारण त्यासाठी रेपोत लिहिण्याचा अधिकार असलेले खाते लागते. पण तक्त्यांच्या फोल्डरपुढे तुमच्यापैकी जो त्यांच्याकडे नियमित जातो त्याचे नाव घाला. काका एकटेच असल्याने त्यांच्याकडे आठवड्यातून एकदाच, सर्व प्रश्न एकत्र करून जावे, आणि त्यांच्या हाताखाली दुसरा मोडीवाचक तयार करण्याचे काम आजच हाती घ्यावे.

याच ठिकाणी आणखी एक काळजी घ्या. जुने लेखन आजच्या शुद्धलेखनात आणायचे की कागदावर जसे आहे तसे ठेवायचे, हा धोरणाचा प्रश्न आहे. तो एखाद्या पुल रिक्वेस्टखाली लढवला गेला तर विद्यार्थ्याची तीन महिन्यांची मेहनत त्यात अडकते. धोरणाची चर्चा आधी स्वतंत्र इश्यूमध्ये (गिटहबवरील चर्चेच्या नोंदीत) होऊन निर्णय लिहिला जावा. पडून राहिलेल्या ३१ पैकी किती पुल रिक्वेस्ट अशा अनिर्णित धोरणामुळे अडल्या आहेत ते एकदा मोजून पाहा.

बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बांधणे), प्रकाशन आणि स्वयंचलित कामांच्या फाइलींना मी सर्वांत कडक नियम लावतो. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आढळला. अनेक महिने विश्वास संपादन करून सहमेंटेनर झालेल्या खात्याने तो घुसवला होता. चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी (माणसाला थेट वाचता न येणाऱ्या) फाइलींत त्याचा भाग दडवला होता, आणि त्याला जागा करणारी बिल्डची ओळ रेपोत नव्हतीच, ती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (कोडच्या एकत्र बांधलेल्या संचात) होती. पुल रिक्वेस्टचे कितीही काटेकोर वाचन केले असते तरी ती ओळ दिसली नसती. तुमच्याकडे कागदांची चित्रे म्हणजे बायनरी फाइलीच येत असतात, तेव्हा त्या कोठून आल्या याची नोंद मागा, आणि प्रकाशनाचा संच कोणाच्याही लॅपटॉपवर न बांधता रेपोतूनच आपोआप बांधला जाऊ द्या. या फाइलींच्या बदलाला लेखकाशिवाय उरलेल्या दोघांचीही मंजुरी हवी, मग महिनाभर थांबावे लागले तरी चालेल. गिटहबच्या स्वयंचलित कामांत ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ नावाचा प्रकार आहे. त्यात परक्या ब्रांचमधील कोड चालवला तर तुमच्या गुप्त किल्ल्या त्याच्या हाती पडू शकतात. वर सांगितलेले तुलनेचे पान तयार करताना हा प्रकार वापरू नका, आणि प्रथमच बदल पाठवणाऱ्याची कामे मेंटेनरच्या संमतीनंतरच सुरू होतील अशी व्यवस्था ठेवा.

आकाराचा विषय जुना आहे. आयबीएममध्ये मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये औपचारिक तपासणीची पद्धत मांडली तेव्हापासून, एका बैठकीत किती ओळी वाचाव्यात हा प्रश्न चर्चेत आहे. सिस्कोमधील रिव्ह्यूंच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दोनशे ते चारशे ओळींची मर्यादा सुचवली गेली, आणि माझा अनुभव तिच्या खालच्या टोकाशी जुळतो. त्याहून मोठा बदल आला तर वाचायला न बसता लेखकाला तो कसा विभागावा हे दोन वाक्यांत सांगा. यंत्राने तयार केलेले तक्ते वेगळ्या कमिटमध्ये मागा, म्हणजे माणसाने वाचायचे ते त्यांत बुडणार नाही. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेले मोठे बदलही येतात. त्यांना वेगळा नियम नको, पण लेखकाला प्रत्येक ओळीचे कारण सांगता आले पाहिजे ही अट लिहून ठेवा. लिहायला दहा मिनिटे लागलेला बदल तपासायला दोन तास लागत असतील, तर तो भार तुमच्या नऊ तासांवर पडतो.

आठवड्याची पाळी लावा. ज्याची पाळी त्याने नव्या प्रत्येक पुल रिक्वेस्टला तीन दिवसांच्या आत पहिले उत्तर द्यायचे, मग ते ‘वाचली, मोडीच्या तपासणीसाठी रविवारी नेतो’ एवढेच का असेना. नकार द्यायचा असेल तर तोही याच मुदतीत आणि कारणासह द्यावा. उत्तराविना सात महिने थांबलेल्या माणसाला नकारापेक्षा ते थांबणे अधिक लागते.

नवे नियम जाहीर करण्याआधी साठा निकाली काढा, नाहीतर नव्या पद्धतीचा पहिला महिना जुन्या देण्यातच जाईल. एक शनिवार ठरवून तिघे कमाटीबागेत नाहीतर कोणाच्या घरी एकत्र बसा आणि ३१ पुल रिक्वेस्ट फक्त वर्गवार लावा, त्या दिवशी एकही पूर्ण वाचू नका. माहितीपत्रकांच्या तेथेच मर्ज करा. धोरणावर अडलेल्यांचा इश्यू उघडून त्यांवर तसे लिहा. तक्त्यांच्या एकत्र करून काकांच्या पहिल्या भेटीसाठी ठेवा. ज्यांचे लेखक आता संपर्कात नाहीत त्यांना एक संदेश पाठवून दोन आठवडे वाट पाहा, आणि उत्तर न आल्यास उपयुक्त बदल त्यांचे लेखकत्व कमिटमध्ये कायम ठेवून तुम्हीच पुढे न्या. सात महिन्यांची ती सर्वांत जुनी पुल रिक्वेस्ट मात्र त्याच दिवशी उघडा, आणि तिच्या लेखकाला उशिराबद्दल दिलगिरीचे दोन शब्द लिहून निर्णय कळवा.